दुसऱ्या क्लचची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणे, सध्या निवृत्त (असे सगळे म्हणतात, मी अजून म्हटलेले नाही), या भागात ‘मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. अक्कल माझ्याकडे बेताची होती. हुशारी मात्र गरजेपेक्षा जास्त होती, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या जास्तीच्या हुशारीचा आहे.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, “काळजीचं काही कारण नाही.” चौतीस वर्षे मी शिकाऊ माणसांना हेच वाक्य ऐकवत आलो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. ऑपरेशन चालू असताना मला समोर एखादा आरसा मिळेल का, असे मी विचारले. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिले. मुलीने खिडकीकडे पाहिले. म्हणून आधी कागद, मग झडप.

वकीलबाईंनी दोन पानी मसुदा टाइप करून दिला होता. तो इतका नीटनेटका होता की त्यात मेलेला माणूस मी असेन असे वाटेना. तेव्हा गेल्या रविवारपासून मी हा माझ्या हाताने लिहीत आहे. मध्येच माझे मत बदलले तर मागचे न खोडता पुढे लिहीन.

कलम १. वारस

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. मागे एकच वारस, माझी मुलगी, वय त्रेचाळीस, दवाखान्यात परिचारिका. लग्न केलेले नाही. तो माझा विषय नाही असे तिने मला तीनदा सांगितले आहे, म्हणून तो विषय इथे संपतो. म्हाताऱ्या, सुकलेल्या हातातली शीर तिला एका सुईत सापडते. बाकीच्यांनी हात टेकले की तिला हाक जाते. अशी ही बाई गाडी चालवत नाही. कामावर जायला दोन बस बदलते.

मागच्या महिन्यात तिला आरोग्य खात्याचे पत्र आले. शहराबाहेरच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, त्यांच्या घरी जाऊन औषधपाणी करणारे पथक निघणार आहे, ते तिने सांभाळावे. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. होकार की नकार ते लेखी, तीस तारखेपर्यंत. नऊ वर्षांपूर्वीही असेच पत्र आले होते. तेव्हा तिने कळवले होते, “माझ्यात तेवढा आत्मविश्वास नाही.” ते काम तिला मनापासून हवे होते, हे मला माहीत होते. आणि ते वाक्य तिचे नव्हते, मीच तिला शिकवलेले होते, हेही मला माहीत होते. तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसलो. या वेळी ती काय कळवणार, या एका प्रश्नापायी मला गेले तीन आठवडे झोप नाही; झडपेचे नाव उगाच पुढे केले आहे.

कलम २. घर

चढावरचे दुमजली घर, वर दोन खोल्या व स्वयंपाकघर, खाली स्कूलचे ऑफिस, हे सर्व मुलीचे. न्हाणीघरातला नळ उलट्या बाजूने बंद होतो. तो मी स्वतः बसवला आहे. माझ्या हयातीत प्लंबरला बोलवायची मनाई होती, आता बोलवावा.

ऑफिसवरची पाटीही तिचीच. ‘येथे आत्मविश्वासाने गाडी शिकवली जाते.’ पेंटरने ‘आत्मविश्वासाने’ हा शब्द इतका ऐसपैस काढला की ‘गाडी’ला जागाच उरली नाही, ती कोपऱ्यात चेपून बसली आहे. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

अटी: (क) घर पाच वर्षे विकू नये. (ख) पाटी उतरवू नये.

कलम ३. शिल्लक

बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा, काही भाग चर्चच्या गळक्या छपराला द्यावा, उरलेले मुलीला. अट: मोठा खर्च करण्यापूर्वी तिने एक रात्र विचार करावा. (ती नेहमीच करते. अट तरीही असावी.)

कलम ४. प्रार्थनेच्या वह्या, नग एकवीस

या वह्यांत मी देवाला तारीखवार कामे नेमून दिलेली आहेत. उदाहरणार्थ, ‘हे प्रभू, मंगळवारी माझ्या चार शिकाऊंची परीक्षा आहे. साहेब सकाळच्या पाळीचा असू दे. त्याचा नाश्ता झालेला असू दे. चढावर पुढे ट्रक नसू दे.’ झालेल्या कामावर निळी खूण, राहिलेल्या कामावर लाल. काही ठिकाणी मी ‘दुसऱ्यांदा आठवण दिली’ असेही लिहून ठेवले आहे.

पत्नी शेजारी गुडघे टेकून बसलेली असायची. एकदा तिने एक डोळा उघडून विचारले, “अहो, तुम्ही प्रार्थना करताय की देवाला गाडी शिकवताय?”

मी म्हणालो, “मध्ये बोलू नकोस. माझी लिंक तुटते.”

“त्यालाही थोडं स्वतःहून वळू द्या की,” ती म्हणाली आणि डोळा मिटला.

तिची स्वतःची प्रार्थना फार तोकडी असायची. ‘प्रभू, तुला माहीत आहे,’ एवढे म्हणायची आणि भांडी घासायला उठायची. मला तो आळस वाटायचा. मी तिला एक वहीही आणून दिली होती. तिने त्यात वाण्याची यादी लिहिली. तिची मला रोज आठवण येते, आणि वहीत लिहून तिला परत मागता येत नाही.

वह्या रद्दीत घालाव्यात. लाल खुणा जास्त असलेल्या सगळ्यांत आधी.

कलम ५. अंत्यविधीसंबंधी

पाळकसाहेबांना नम्र सूचना. त्या दिवशी कोणीही उठून ‘मास्तरांचा देवावर अढळ भरवसा होता’ असे बोलू नये. दरवर्षी चर्चच्या वार्षिक सभेत मी उभा राहून साक्ष द्यायचो, की माझ्या जीवनाच्या स्टिअरिंगवर प्रभू बसलेला आहे. मंडळी डोळे पुसायची. चर्चमधली एक म्हातारी बहीण तर दरवर्षी त्याच वाक्याला रडायची. वाक्य खोटे नव्हते. शेजारच्या सीटवर मी बसलेलो आहे आणि दोन्ही पाय पेडलवर आहेत, एवढे सांगायचे दरवर्षी राहून जायचे. बोलायचेच झाले तर ‘शिकत होते’ असे बोलावे. ‘पास झाले’ असे म्हणू नये. तो निकाल दुसरीकडे लागतो.

शववाहिकेच्या ड्रायव्हरला मागून कोणी सूचना देऊ नयेत. त्या दिवशी तरी मी देणार नाही.

कलम ६. वैर, एक, बत्तीस वर्षांचे

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या दारासमोर, दुसरे ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याचे मालक समोरचे मास्तर. त्यांची गाडी या चढावर दिवसातून वीस वेळा बंद पडायची. मागे हॉर्न, लोकांच्या शिव्या, शिकाऊ घामाघूम, आणि हे गृहस्थ हाताची घडी घालून समोर बघत बसलेले. मी ऑफिसच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचो, “देवाच्या भरवशावर सोडलीय वाटतं गाडी!” ते हसून हात करायचे. त्या हसण्याचा मला जास्त राग यायचा.

चर्चमध्ये ते माझ्या पुढच्या बाकावर बसतात. क्षमेवरची कित्येक प्रवचने मी त्यांच्या टकलाकडे बघत ऐकली आहेत.

त्यांच्या गाड्या बंद पडायच्या आणि शिकाऊ पास व्हायचे. माझी गाडी कधीच बंद पडायची नाही आणि शिकाऊ नापास व्हायचे. याचे कारण लोकांनी विचारले तेव्हा मी सांगितले की ते परीक्षेच्या साहेबाला चहापाणी करतात. हे मी रचून सांगितले होते. खरे कारण मला पक्के ठाऊक होते. ते पुढच्या कलमात आहे आणि ते लिहायला बसण्यापूर्वी मी दोनदा चहा केला आहे.

कलम ७. बूट, एक जोड, मऊ रबरी तळव्याचे

हे कोणालाही वापरायला देऊ नयेत. कारण खालीलप्रमाणे.

स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, अडीअडचणीला मास्तरने दाबायला. नवशिक्याने आपला क्लच झटकन सोडला की गाडी आचका देऊन बंद पडते. शिकायचे असते ते नेमके हेच. ती बंद पडते, मागचे ओरडतात, तोंड कोरडे पडते, आणि तरी किल्ली फिरवून पुन्हा सुरू करायची. माझ्या गाडीत हे कधी घडलेच नाही. शिकाऊचा पाय चुकला की मी माझा क्लच अलगद दाबायचो. मऊ तळव्यामुळे आवाज होत नसे. शिकाऊला वाटे, जमले! ‘मास्तरांच्या हाताखाली गाडी बंद पडत नाही’ अशी माझी ख्याती झाली. हाताखाली कसली, पायाखाली.

परीक्षेला माझ्या जागेवर साहेब बसायचा, पाय आखडून. मग त्या माणसाची गाडी चढावर आयुष्यात पहिल्यांदा बंद पडायची आणि तो पार गळून जायचा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो. आपल्या चर्चच्या मंडळीतला असला तर म्हणायचो, “श्रद्धा कमी पडली.” बाहेरचा असला तर म्हणायचो, “आत्मविश्वास कमी पडला.”

लोभापायी केले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. लोभ सगळ्यांना समजतो. पण मला बंद पडलेली गाडीच सहन होत नसे. मागचा हॉर्न सहन होत नसे. चार लोक थांबून बघतात, ते सहन होत नसे. एवढे भित्रे माणूस होते हे, आणि पाटीवर लिहिले होते आत्मविश्वास.

मुलगी विसाव्या वर्षी माझ्याच हाताखाली शिकली. चार महिन्यांत गाडी एकदाही बंद पडली नाही. “बाबा, मला येतं!” असे ती घरी येऊन आईला मिठी मारून सांगायची. परीक्षेत तीनदा नापास झाली, तिन्ही वेळा चढावर. तिसऱ्यांदा जिना चढून वर आली, चपला कोपऱ्यात सारल्या आणि म्हणाली, “मला नाही जमत, बाबा.”

त्या वेळी एक खरे वाक्य बोलायचे होते. मी म्हणालो, “तुझ्यात आत्मविश्वास नाही, बेटा. देवाजवळ माग.” म्हणजे गाडी मी चालवली, दोष तिला दिला, आणि तो दुरुस्त करायचे काम देवाकडे लावले. आणि तिने मागितलाही. कित्येक महिने मी तिला खिडकीशी बसून प्रार्थना करताना पाहिले. जे तिच्यापासून मीच चोरले होते ते ती देवाकडे मागत होती. हे लिहिताना मला लाज वाटते.

हे कलम ती माझ्यामागे वाचेल. म्हणजे तिला राग येईल तेव्हा मी घरी नसेन. व्यवस्था मला चोख वाटली.

वकीलबाईंनी मंगळवारी इथवर वाचले. चष्मा काढून त्या म्हणाल्या, “मास्तर, उत्तर तीस तारखेपर्यंत द्यायचंय ना तिला?”

“हो.”

“आणि तुम्ही सोमवारी वाचलात तर?”

या शक्यतेचा मी विचार केला नव्हता. मेल्यानंतरची सगळी तयारी झाली होती. जगलो तर काय, याची काहीच नव्हती.

कलम ८. गाडी

पांढरी, सोळा वर्षे जुनी, मुलीला. पत्र आल्यानंतर आठवड्याने मला तिच्या पुस्तकाखाली शिकाऊ परवान्याचा नवा कागद दिसला. ती काही बोलली नाही. मीही दिसला नाही असे दाखवले आणि गाडी गॅरेजात नेऊन शेजारच्या सीटपुढचे दोन्ही पेडल काढायला सांगितले. गॅरेजवाल्याने विचारले, “मग तुमचे पाय काय करणार, मास्तर?”

“बसतील गप्प.”

“बसतील का?” असे तो म्हणाला. हा माणूस मला वीस वर्षे ओळखतो.

पेडल गेले, पण मृत्युपत्र हाताशी होते. गाडी देताना मी अटी घातल्या: पावसात नेऊ नये, अंधार पडल्यावर नेऊ नये, वेग चाळीसच्या वर नेऊ नये, चढावर रिव्हर्स घेऊ नये, आणि अशाच, एकूण अकरा. त्या वाचून वकीलबाई म्हणाल्या, “तुमच्या पश्चात या अटी पाळल्या जातायत की नाही, हे बघायला कोण बसणार?” माझ्या मनात लगेच आलेले उत्तर ‘मी’ असे होते.

कलम ९. बुधवारी काय झाले

हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे वकीलबाईंचे मत आहे. माझे मत असे की बाकीचे नसले तरी चालेल, हे असावे.

बुधवारी तिची सुट्टी होती. सकाळी तीच म्हणाली, “चला, एकदा बघू.” ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. सपाट रस्त्यावर बरी चालवली. परत येताना चढावर, आमच्याच दाराच्या अलीकडे, भाजीच्या टेम्पोला वाट द्यायला थांबली. पुन्हा निघताना क्लच झटकन सुटला. आचका बसला आणि गाडी बंद पडली. माझे दोन्ही पाय आपोआप खाली गेले. तिथे गॅरेजवाल्याने नीट अंथरलेली रबरी चटई होती.

मागे हॉर्न वाजला. तिने सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदाही. तिने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर ठेवले.

“बघितलंत? मला नाही जमत. आजच नकार कळवून टाकते.”

“बंद सगळ्यांचीच पडते.”

“तुमच्या गाडीत कुणाची पडायची नाही.”

माझ्याकडे तेवीस वर्षे तालीम केलेले एक भाषण होते. त्यात देवाचे नाव सात वेळा यायचे. प्रत्यक्षात एवढेच निघाले: “क्लचवर माझा पाय असायचा. तुझी बंद पडायची तेव्हा मी धरायचो. तू नापास झालीस तेव्हा गाडी तू पहिल्यांदाच एकटीने चालवत होतीस.”

तिने हँडब्रेक ओढला. माझ्या पायांकडे बघितले. मागे आता तीन हॉर्न होते.

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

“आणि मला म्हणालात, देवाकडे माग.”

“हो.”

“उतरा.”

“अगं, शिकाऊ परवान्यावर शेजारी परवानाधारक असावा लागतो, नियम आहे...”

“बाबा, उतरा.”

उतरलो. तिने काच खाली करून रस्त्यापलीकडे हाक मारली, “काका, जरा शेजारी बसता का?”

समोरच्या मास्तरांनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. “बसतो की,” म्हणाले आणि आले. माझ्या गाडीत, माझ्या जागेवर, माझे बत्तीस वर्षांचे वैर पट्टा लावून, हाताची घडी घालून बसले.

गाडी चौथ्यांदा बंद पडली. काका समोर बघत होते. मी फूटपाथवर उभा राहून पायाखालची फरशी दाबत होतो. मग तिने पुन्हा किल्ली फिरवली. इंजीन केवढ्याने गुरगुरले, गाडी वीतभर मागे आली, मागच्या गाडीवाल्याने डोक्याला हात लावला, आणि गाडी चढाच्या वर गेली. वळली आणि दिसेनाशी झाली.

माझ्या गाडीत शिकाऊ बसलेला आहे आणि मी बाहेर आहे, असे आयुष्यात कधी झाले नव्हते. मी प्रार्थना सुरू केली. सवयीने म्हणालो, ‘हे प्रभू, पुढच्या चौकात तिला दुसऱ्या गिअरमध्ये...’ आणि थांबलो. त्याला गिअर माहीत असावेत. मग पुढे काही सुचेना, म्हणून बायकोची प्रार्थना उसनी घेतली आणि तेवढीच दोन-तीनदा म्हटली. देवावर भरवसा टाकला की भीती पळते, असे मी साक्षीत बेधडक सांगत आलो होतो. भीती कुठेही गेली नाही. छाती धडधडत होती, आता ती झडप की भीती, हे डॉक्टर उघडून बघतील तेव्हा कळेल. फरक एवढाच होता, की मी घाबरलेला होतो आणि तरीही कोणाच्या मध्ये पाय घालत नव्हतो. हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी जमले, तेही पेडल काढून घेतल्यावर आणि गाडीतून उतरवल्यावर.

पंचवीस मिनिटांनी ती दोघे परत आली. मुलगी माझ्याकडे न बघता वर गेली. समोरचे मास्तर रुमालाने टक्कल पुसत होते.

“किती वेळा बंद पडली?” मी विचारले.

“सहा.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“घाबरलो.”

“आणि?”

“आणि काय? गप्प बसलो. तिची ती करते ना सुरू.”

बत्तीस वर्षे मी या माणसाला बेफिकीर समजत होतो. तो बिचारा रोज वीस वेळा घाबरत होता. मी तिथेच त्यांची माफी मागितली. चहापाण्याची अफवा माझी होती, तेही सांगितले. ते म्हणाले, “माहितीय. त्यानंतर एक साहेब खरंच चहा मागायला आले होते. त्यांना तुमच्याकडे पाठवलं.” मला आठवले. मी पाजला होता.

मुलगी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढले, गोळ्या मोजून हातावर ठेवल्या, बोलली नाही. रोज सकाळी सहाला मात्र खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो. शेजारी काका असतात. मी खिडकीत जात नाही. पलंगावर बसून ऐकतो. बंद पडली की पुन्हा सुरू होते. काल मध्ये बराच वेळ गेला, तेव्हा मी पलंगाची दांडी घट्ट धरली होती. तिने मला क्षमा केली आहे असे मी इथे लिहिणार नाही. ती करायची की नाही, कधी करायची, हे ती बघेल.

कलम १०. रद्द

कलम २ मधील अटी (क) व (ख), कलम ३ मधील अट आणि कलम ८ मधील अकराच्या अकरा अटी मी स्वतःहून रद्द करत आहे. घर विकावेसे वाटले तर विकावे. पाटी उतरवावी. गाडी पावसात न्यावी, अंधारात न्यावी, चाळीसच्या वर न्यावी. फक्त रिव्हर्सची एक ठेवू का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्यांनी पेन माझ्यापुढे धरले. तीही रद्द.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा असल्याने समोरच्या मास्तरांना मी काहीही देत नाही. माफी मागितली ती चालते का, असे विचारले. ती मालमत्ता नव्हे, असे वकीलबाई म्हणाल्या.

कलम ११. एक पाकीट

आज शनिवार. सकाळी कामाला निघताना मुलगी दारात चपला घालता घालता म्हणाली, “सोमवारी मी नेते तुम्हाला दवाखान्यात. काका शेजारी बसतील. तुम्ही मागे.”

“बरं,” मी म्हणालो. मागच्या सीटवर मी शेवटचा कधी बसलो ते आठवत नाही.

मग तिने पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवले. वर आरोग्य खात्याचा पत्ता. “माझी बस चुकेल. एवढं पेटीत टाकाल?”

“काय कळवलंस?”

“विचारू नका, बाबा.”

“नाही विचारत.”

पाकीट कडेपर्यंत घट्ट चिकटवलेले होते. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, माझ्या सध्याच्या चालीने दहा मिनिटे. या दहा मिनिटांत माणसाच्या मनात काय काय येते, ते मी लिहीत नाही. पाळकसाहेब हा कागद वाचणार आहेत. वाटेत एकदा ते पाकीट मी उन्हाकडे धरले. कागद जाड आहे, काही दिसले नाही. पुन्हा धरले नाही. पेटीपाशी पोचलो, आत टाकले, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि घरी आलो.

त्यात होकार आहे की नकार, मला माहीत नाही. आत जे लिहिले आहे ते या वेळी तिचे आहे. सदर पाकीट माझ्या मालमत्तेत धरू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे.

सही: (मास्तर)

साक्षीदार:

१. समोरचे ड्रायव्हिंग स्कूल, मालक. ‘मास्तरांनी आमच्या समक्ष सही केली. त्याआधी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. कलम सहाला मी हसलो, बाकीच्यांना नाही.’ (सही)

२. चर्चचे पाळक. ‘समक्ष सही झाली. कलम पाचमधील सूचना समजली. ती पाळण्याची वेळ लवकर येऊ नये.’ (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.

दिनांक: शनिवार, एकवीस सप्टेंबर. वर्ष वकीलबाई त्यांच्या अक्षरात घालतील. माझ्या हातून अजून मागचेच लिहिले जाते.